हंफ्री कुक आणि माहीमच्या खाडीची हद्द

सीप्झमध्ये नोकरी केलेल्यांना ते पडकं चर्च माहीत असेल. एका बाजूला हिऱ्यांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअरच्या इमारती आणि मध्येच झाडोऱ्यात उभ्या असलेल्या छप्पर नसलेल्या जाड भिंती. मी तिथे कामाला लागलो तेव्हा पहिले सात-आठ महिने ते एमआयडीसीचं जुनं गोदाम असावं अशीच माझी समजूत होती. (हसू नका. डेडलाइन असली की माणूस इमारतींकडे बघत नाही.) मग मे महिन्यात एका रविवारी ऑफिसला जावं लागलं, तर गेटवर नटूनथटून आलेल्या लोकांची ही गर्दी! लुगडं नेसलेल्या आज्या, सूट घातलेले काका, लहान मुलं. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, आज चर्चचा सण आहे. वर्षातून एकदा सोडतात यांना आत."

सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलं. १८४० मध्ये साथ आली, गाव हललं आणि चर्चही मरोळला नव्या जागी गेलं. भिंती तेवढ्या राहिल्या. पुढे १९७३ मध्ये भोवती सीप्झ उभं राहिलं आणि चर्च कुंपणाच्या आत अडकलं.

पण मला खटकली ती वेगळीच गोष्ट. शाळेत आपण सगळ्यांनी एक ओळ पाठ केलेली असते: पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं. मग मुंबई इंग्रजांची झाल्यानंतरही अंधेरीत पाऊणशे वर्षं पोर्तुगीज पाद्र्यांचंच राज्य कसं चालू राहिलं? उत्तर सोपं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे त्या 'मुंबई बेटा'वर नाहीतच. ते साष्टी नावाच्या वेगळ्या, पुष्कळ मोठ्या बेटावर आहेत. दोघांच्या मध्ये माहीमची खाडी. आंदणात खाडीच्या पलीकडचं आलं, अलीकडचं आलं नाही.

आता पुढचा प्रश्न. ही रेघ खाडीवरच मारायची हे ठरवलं कोणी? राजाने? व्हाइसरॉयने? शनिवार-रविवार घालवून जे वाचलं, त्यातून एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. हंफ्री कुक. हुद्दा: सेक्रेटरी. आपल्या भाषेत साहेबाचा पीए.

मुंबईत जॉब चार्नॉकसारखा एखादा 'संस्थापक' शोधायला गेलात, तर लोक जेराल्ड ऑंजिएचं नाव घेतात. त्याच्या आधी जे तीन-चार जण होऊन गेले त्यांच्या नावाचा रस्ता, बाग, पुतळा, काही नाही. त्यातला हा पहिला.

तर झालं असं. २३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि ब्रगांझाची कॅथरिन यांच्या लग्नाचा तह झाला. त्यात मुंबईचं बंदर आणि बेट, त्याचे हक्क, प्रदेश आणि जे काही त्याच्याशी जोडलेलं असेल ते, असं सगळं इंग्लंडला देऊ केलेलं होतं. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वाक्य वाचल्याबरोबर घाम फुटायला हवा. 'जे काही जोडलेलं असेल ते' म्हणजे नक्की काय? स्कोप कोणी लिहिला? इंग्रजांचं म्हणणं, आम्हाला लंडनमध्ये जो नकाशा दाखवला त्यात साष्टी आणि ठाणंसुद्धा होतं. पोर्तुगीजांचं म्हणणं, बेट म्हणजे बेट, त्याच्या चारी बाजूंना पाणी असतं आणि पाण्यापलीकडचं आमचं. चार्ल्सचा चॅन्सलर क्लॅरेंडन याची तर मुंबई ब्राझीलच्या आसपास आहे अशी समजूत होती, असं इतिहासाच्या पुस्तकांत हमखास सांगतात. अशा लोकांनी रिक्वायरमेंट लिहिली आणि ती अंमलात आणायला दुसरेच लोक पाठवले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोचा ताफा मुंबईसमोर आला. त्यात सर अब्राहम शिपमन हा नेमलेला गव्हर्नर, त्याचे चारएकशे सैनिक आणि सेक्रेटरी कुक. गंमत म्हणजे बेट ताब्यात द्यायचं काम ज्याच्यावर होतं तो पोर्तुगीजांचा नवा गव्हर्नर, पुढचा व्हाइसरॉय, अँटोनियो द मेलो द कास्त्रो हाही त्याच ताफ्यातून आला होता. इतके महिने एकत्र प्रवास केला, आणि मुंबई दिसल्यावर तो म्हणाला, तुमची कागदपत्रं बरोबर नाहीत. अधिकारपत्र पाहिजे त्या नमुन्यात नाही. बेट मिळणार नाही.

सरकारी कचेरीत ज्यांनी कधी कुठलाही दाखला काढलाय त्यांना शिपमनचा चेहरा डोळ्यांसमोर येईल.

मार्लबरो काही महिने थांबला आणि निघून गेला. सुरतेच्या इंग्रज वखारीने शिपमनला उतरवून घ्यायला नकार दिला, कारण चारशे हत्यारबंद माणसं उतरली तर मोगल सुभेदार काय म्हणेल ही भीती. ही वखार कंपनीची होती आणि शिपमन राजाचा माणूस. एकाच देशाचे असले तरी डिपार्टमेंट वेगळं! राजाच्या सैन्याला हिंदुस्थानात पाय टेकायला जागा नाही अशी परिस्थिती झाली. शेवटी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर ते उतरले.

अंजदीव म्हणजे समुद्रातला जेमतेम दीड किलोमीटर लांबीचा खडक. तिथे त्यांनी दोन पावसाळे काढले. वस्ती नाही, नीट निवारा नाही, अन्न आणायचं तर किनाऱ्यावरून. माणसं आजाराने मरत गेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. ज्या बेटाचा तो गव्हर्नर होता, त्यावर त्याने कधी पाऊलही ठेवलं नाही. चारशेतले शेवटी शंभरच्या आसपास उरले. साध्या शिपायांचा आकडा ९७ असा येतो.

हे चाललं होतं तेव्हा याच किनाऱ्यावर काय घडत होतं ते बघा. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजांतून बसरूरच्या मोहिमेवर गेले आणि परतीच्या वाटेवर कारवारला आले, म्हणजे अंजदीवच्या अगदी समोर. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांना त्या वेळी खंडणीतला वाटा भरावा लागला. कुक आणि त्याची माणसं त्याआधी थोडेच दिवस तिथून निघालेली होती. थोडक्यात चुकामूक. (या चुकामुकीवर कादंबरी लिहायला कोणी मोकळं असेल तर जरूर लिहा.)

आता कुकची अवस्था बघू. साहेब मेला. मरण्याआधी मृत्युपत्रात त्याने आपल्या जागी कुकला नेमलं. हाताशी शंभर आजारी माणसं, जहाजं नाहीत, पैसे नाहीत, सुरतेचे लोक तोंड फिरवून बसलेले. लंडनला पत्र पाठवलं तर आफ्रिकेला वळसा घालून जायला सहा-सात महिने आणि उत्तराला तेवढेच. आणि गोव्यात नवा आक्षेप: तहानुसार बेट शिपमनला द्यायचं होतं, तुम्ही कोण? प्रकरण गोव्याच्या न्यायालयापुढे गेलं. शिपमनचं मृत्युपत्र वाचलं गेलं आणि कुकला अधिकार पोचतो असा निर्णय झाला. दरम्यान लिस्बनहूनही बेट देऊन टाका असे हुकूम आले होते. व्हाइसरॉयला आणखी ताणता येईना. पण द्यायचं ते कमीत कमी द्यायचं, हे त्याने ठरवलं होतं.

जानेवारी १६६५ मध्ये गोव्यात करार झाला. कुकने सही केली. मुख्य तहाच्या खाली एक लांबलचक अटींची यादी, असं त्याचं स्वरूप. त्यातल्या काही अटी सांगतो, कारण खरी गोष्ट इथे आहे.

मुंबई बंदरात पोर्तुगीजांच्या जहाजांना मोकळीक, जकात नाही. वांद्र्याच्या आणि आसपासच्या लोकांना खाडीत मासेमारीचा हक्क पूर्वीसारखाच. बेटावर ज्यांच्या जमिनी, त्यांच्याकडेच राहतील. बेटाची मालकीण दोना इग्नेझ द मिरांडा हिच्यासाठी तर वेगळी तरतूद. कॅथलिकांच्या धर्मात ढवळाढवळ नाही. इथपर्यंत ठीक आहे, यातल्या काही अटी तर चांगल्याच म्हणाव्या लागतील.

आणि मग एक अट अशी: पोर्तुगीज हद्दीतल्या गावांमधले कुणबी, भंडारी किंवा दुसरे कामकरी लोक मुंबईत आले तर इंग्रजांनी त्यांना ठेवून घ्यायचं नाही. परत पाठवायचं.

मी हे वाक्य दोन-तीनदा वाचलं. साष्टीतला कुणबी म्हणजे कुठल्या तरी पोर्तुगीज जमीनदाराच्या किंवा मठाच्या गावाशी बांधलेला माणूस. भात त्याने लावायचं आणि सारा दुसऱ्याने घ्यायचा. भंडारी ताडी-माडी काढणारे. समोर खाडीपलीकडे नवं राज्य आलंय, तिथे मजुरांची गरज आहे हे त्यांना दिसणारच होतं. ते पळून जाऊ नयेत म्हणून ही अट. अंधेरी, मरोळ, कुर्ला, मालाडच्या लोकांविषयी गोव्यातल्या एका खोलीत दोन परदेशी माणसांनी परस्पर सौदा केला. कुकला बेट हवं होतं, त्याने मान्य केलं.

करार झाल्यावर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईत ताबा घेण्याचा समारंभ झाला. दोना इग्नेझच्या वाड्यात दोन्ही बाजूंचे लोक जमले. हा वाडा म्हणजे पुढचा बॉम्बे कॅसल, आजच्या एशियाटिकच्या मागे नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात. शंभर वर्षांपूर्वी गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे हे बेट भाडेपट्ट्याने होतं, तेव्हापासूनची ही जागा. रीत अशी की नव्या मालकाने जमिनीवरून चालायचं, माती आणि दगड हातात घ्यायचे, बुरुजांवर फिरायचं, भिंतींना हात लावायचा. कुकने ते सगळं केलं. एक सेक्रेटरी, चार वर्षांपूर्वी ज्याला साहेबाची पत्रं लिहायची एवढंच काम असेल, तो मुठीत मुंबईची माती घेऊन उभा आहे. मला हे चित्र फार आवडतं.

(तारखांचा एक घोळ सांगतो, प्रोग्रामर मंडळींसाठी. पोर्तुगीज नवी दिनदर्शिका वापरत, इंग्रज जुनी, दहा दिवस मागे. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे १८ फेब्रुवारी १६६५ हाच दिवस इंग्रजी कागदात ८ फेब्रुवारी १६६४ असा पडतो. एकाच खोलीत, एकाच दस्तऐवजावर सह्या करणारी माणसं वेगवेगळ्या वर्षांत होती. टाइमझोनची कटकट आपल्यालाच आहे असं समजू नका.)

व्हाइसरॉय मेलो द कास्त्रोने त्याआधीच आपल्या राजाला पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा की केवळ आज्ञापालन म्हणून मी हे करतोय, पण ज्या दिवशी इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. त्याची दृष्टी किती लांबची होती ते पुढच्या दीडशे वर्षांत दिसलंच. पण सध्या एवढंच लक्षात ठेवा: पोर्तुगीजांच्या मते कुकला फार मिळालं होतं.

प्रत्यक्षात मिळालं होतं ते मुंबई, माझगाव, परळ, वरळी. माहीमसुद्धा नाही! पोर्तुगीज दप्तरात मुंबई आणि माहीम वेगळे होते आणि माहीमला त्यांचं जकातीचं नाकं होतं. म्हणजे हद्द खाडीवरही नव्हती, तिच्याही दक्षिणेला कुठेतरी होती. आणि इथे कुकने स्वतःचं डोकं चालवलं. ओहोटीला मुंबईहून माहीमला पाय ओले करून चालत जाता येतं, मग ते वेगळं बेट कसं? सबब माहीम, शीव, धारावी, वडाळा ही सगळी मुंबईचाच भाग. असा दावा लावून त्याने ही ठिकाणं ताब्यात घेतली. व्हाइसरॉयने निषेध नोंदवला, पण करतो काय!

म्हणजे करार करताना जे सोडलं, ते हातात माती आल्यावर जमेल तेवढं परत ओढलं. आणि ही ओढाओढ जिथे थांबली ती माहीमची खाडी आणि मिठी नदी. तिच्या पलीकडे ओहोटीलाही ज्याला बेटाचा भाग म्हणता येणार नाही असं साष्टी होतं. वांद्र्याच्या टोकाला १६४० पासूनचा पोर्तुगीज किल्ला होता, आणि जवळच जेझुइटांचं तोफा ठेवलेलं सेंट अ‍ॅनचं कॉलेज. शंभर शिपायांच्या जोरावर तिकडे जाणं शक्यच नव्हतं.

कुकला बहुतेक वाटलं असेल की आता राजाकडून शाबासकी येणार. आलं ते वेगळंच. चार्ल्सने हा करार मानायला साफ नकार दिला. तहात साष्टी-ठाण्यासकट सगळं होतं, या माणसाने ते घालवलं आणि वर लाजिरवाण्या अटी मान्य केल्या, असं लंडनचं मत. ज्यांना मुंबई नकाशावर धड दाखवता आली नव्हती त्यांचं हे मत, बरं का. कुकच्या जागी सर जर्व्हेस लुकास याची नेमणूक झाली. लुकास हा यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढलेला, बेलव्हॉर किल्ला राखलेला जुना सरदार. नोव्हेंबर १६६६ मध्ये तो मुंबईत उतरला. सही केल्यापासून जवळजवळ बावीस महिन्यांनी कुकला त्याच्या कामाचा फीडबॅक मिळाला, आणि तोही दुसऱ्या माणसाच्या रूपाने.

लुकासने हिशेब तपासले. कुकने रहिवाशांकडून पैसे उकळले आणि सरकारी पैशात गोंधळ केला, असा आरोप ठेवून त्याला कैदेत टाकलं. आरोप खरा होता का? त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या वागण्याकडे बघता बऱ्यापैकी खरा असावा असं मला वाटतं. पगार वेळेवर येत नसे, वरून पैसा येत नसे, आणि हातात सत्ता. सुरतेचे कंपनीवाले काय किंवा गोव्याचे फिदाल्गो काय, सगळे कुठे ना कुठे हात मारतच होते. कुक साधुपुरुष होता असं मी अजिबात म्हणणार नाही. पण राजाला करार आवडला नाही आणि त्याच सुमारास हिशेबात घोळ सापडला, हा योगायोग आपण ऑफिसांमध्येही पाहिलेला असतो.

मे १६६७ मध्ये लुकास मेला. (मुंबईची हवा. त्या काळात इथे आलेला इंग्रज दोन पावसाळे काढेल याची खात्री नसायची.) उपगव्हर्नर हेन्री गॅरीने कारभार हातात घेतला. आणि आता कुकच्या आयुष्यातला सगळ्यात चमत्कारिक भाग येतो. तो म्हणाला, मुंबईचा हक्काचा अधिकारी मी आहे, माझ्याकडे शिपमनचं मृत्युपत्र आहे. कोणी ऐकलं नाही. तेव्हा त्याने खाडी ओलांडली आणि वांद्र्याच्या जेझुइटांचा आश्रय घेतला. ज्यांच्याकडून त्याने बेट घेतलं, माहीम ओढून घेतलं, त्यांच्याच दारात!

जेझुइटांना तो हवाच होता. परळ, शीव या भागातल्या जमिनींवर त्यांचा दावा होता आणि इंग्रजांशी त्यावरून भांडण चालू होतं. त्यांच्या मदतीने कुकने साष्टीत माणसं जमवायला सुरुवात केली. बेत काय, तर मुंबईवर चालून जायचं आणि बेट परत घ्यायचं. गॅरी आणि त्याच्या कौन्सिलने जाहीरनामा काढून कुकला बंडखोर आणि राजद्रोही ठरवलं.

जरा कल्पना करा. वांद्र्याचं कॉलेज हे साष्टीतल्या जेझुइटांचं मोठं ठाणं. सीप्झमधलं आमचं पडकं चर्च तेव्हा जवळपास नव्वद वर्षांचं, छप्पर शाबूत, त्याच लोकांच्या हाताखालचं. कुकच्या सैन्यासाठी साष्टीतून माणसं उभी करायची तर ती कुठली असणार? याच गावांमधली. ज्या कुणबी-भंडाऱ्यांना मुंबईत घेणार नाही असं त्याने दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं, त्यांच्याच गावांत बसून तो मुंबईत शिरायला माणसं शोधत होता. त्याला हे जाणवलं असेल का? मला नाही वाटत. सह्या करणाऱ्यांना अशा गोष्टी सहसा जाणवत नाहीत.

बेत काही तडीला गेला नाही. राजालाही एव्हाना या बेटाचा कंटाळा आला होता. खर्च फार, उत्पन्न थोडं. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने ताबा घेतला. ज्या सुरतवाल्यांनी शिपमनला उतरू दिलं नव्हतं त्यांच्याच हातात बेट आलं. कुकचा विषय तिथे संपला.

त्याची हद्द मात्र संपली नाही. राजाने करार झिडकारला खरा, पण साष्टी मिळवण्यासाठी काही केलंही नाही. पुढे पाऊणशे वर्षं इंग्रज शीव-माहीमच्या काठावर किल्ले बांधत बसले. शीवचा किल्ला ऑंजिएच्या काळातला. धारावीजवळचा काळा किल्ला १७३७ सालचा, तशी पाटीच त्यावर आहे. या सगळ्यांची तोंडं कुकने आखलेल्या रेघेकडे आहेत. लोकलमधून जाताना आपण मुंबईच्या 'आत' शिरतो ती ही जागा. पलीकडे ठाण्याला पोर्तुगीज नाकं, कल्याण-भिवंडीकडून येणाऱ्या मालावर जकात, आणि मुंबईचे गव्हर्नर त्यावरून सतत रडत. (मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत आपणही पाहिल्या. नाकं खाडीवरून सरकत सरकत उत्तरेला गेलं, एवढंच.)

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. आधी ठाणं आणि साष्टी, मग मे १७३९ मध्ये वसई. पोर्तुगीज गेले, साष्टी मराठ्यांची झाली. इंग्रजांना ती मिळाली डिसेंबर १७७४ मध्ये, ठाण्याचा किल्ला लढून घेतल्यावर, आणि कागदोपत्री १७८२ च्या सालबाईच्या तहाने. म्हणजे कुकने जे 'घालवलं' असं राजा म्हणत होता ते परत मिळवायला एकशे नऊ वर्षं, एक युद्ध आणि भरपूर पैसा लागला. मग मला सांगा, शंभर आजारी माणसांच्या जोरावर कुकने ते १६६५ मध्ये कसं मिळवायचं होतं? अंजदीववर आणखी एक पावसाळा काढून? तिथे आणखी एक वर्ष म्हणजे उरलेली माणसंही गेली असती. साष्टी सोडल्याबद्दल मी कुकला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही सही केली असती, आणि माहीमची ओहोटीची युक्ती सुचली असती तर स्वतःवर खूश झालो असतो.

कुणबी-भंडाऱ्यांच्या कलमाबद्दल मात्र माझ्याकडे त्याच्यासाठी सबब नाही. त्यावर लंडनमध्ये कोणी रागावलंही नाही. राजाचा राग जमीन गेल्याचा होता.

आणि ते कलम टिकलंही नाही. माणसं येतच राहिली, साष्टीतून, कोकणातून, गुजरातेतून. १६७० च्या दशकात मुंबईत आलेला डॉक्टर फ्रायर बेटावर साठ हजार वस्ती असल्याचं लिहितो, पोर्तुगीजांच्या वेळी दहा हजार होती म्हणतो. आकडा फुगवलेला असेल, पण खाडी कोणी अडवू शकलं नाही हे नक्की. १८४५ मध्ये माहीम-वांद्रे रस्ता झाला. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. तरी १९९० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा काढला तेव्हा सीमा पुन्हा त्याच खाडीवर! आमच्या सातबाऱ्यासाठी, दाखल्यांसाठी जिल्हाधिकारी वेगळे, ते यामुळे. अजूनही बोरिवलीची आजी फोर्टला निघाली की "मुंबईला जाऊन येते" म्हणते. तिला हंफ्री कुक माहीत असण्याचं कारण नाही.

गेल्या महिन्यात सीप्झहून मेट्रो तीनने दादरला गेलो. बीकेसी सुटल्यावर गाडी मिठीच्या खालून जाते आणि पुढचं स्टेशन धारावी. ओहोटीचं निमित्त सांगून कुकने ओढून घेतलेली हीच ती धारावी. तीन-चार मिनिटं लागतात. सगळे मोबाइलमध्ये होते, मीही होतो, आणि नदी कधी गेली ते कळलं नाही.